.२२ ची रिकामी पुंगळी घरी भरा म्हणणारा तो मेसेज

नेमबाज मुलांच्या पालकांच्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. ताईने तो मला पाठवला, कारण भाचा कोल्हापुरात दुधाळीच्या रेंजवर जातो आणि ५० मीटरच्या राउंडचा, म्हणजे काडतुसांचा, खर्च घरात सगळ्यांना टोचतो. मेसेजचं म्हणणं असं: रायफलचे राउंड घरीच भरा, अमेरिकेत सगळे भरतात, खर्च निम्मा होतो. पुंगळी रेंजवर फुकट मिळते, प्रायमरला (काडतुसातला ठिणगी देणारा भाग) आगकाडीचा गुल चालतो, पावडरला फटाक्यातली दारू. दारू जास्त घातली आणि गोळी जड घेतली की नेम सुधारतो. स्वतःपुरतं भरलं तर कायदा आड येत नाही. शेवटी पेलेट, म्हणजे एअर रायफलचे छर्रे, तेलात भिजवायचा सल्ला, आणि न उडालेली काडतुसं फोडून दारू परत वापरायची युक्ती. खाली ऑलिंपिक पदकविजेत्या स्वप्नील कुसाळेच्या नावाने ‘स्वप्नीलसारखं व्हायचंय ना?’ अशी ओळ टाकलीय, ती वाचून तर डोकंच फिरलं.

पुंगळी आणि फटाक्याच्या दारूवर आधी बोलतो, कारण यात पोराचा डोळा जाऊ शकतो.

५० मीटरला लागतं ते .२२ लाँग रायफल काडतूस रिमफायर असतं. त्याला वेगळा प्रायमर नसतोच. पुंगळीच्या बुडाची कडा आतून पोकळ असते आणि ठिणगी देणारं मिश्रण कारखान्यात ओलं असताना त्या कडेत फिरवून बसवलेलं असतं. फायरिंग पिन ती कडा चेंबरच्या (नळीत काडतूस बसतं ती जागा) काठावर चेचते, मिश्रण पेटतं. रेंजवर पडलेली कुठलीही पुंगळी उचलून बघा, कडेवर पिनचा खोल खळगा दिसेल. तिथलं पितळ दुमडलेलं आणि ताणलेलं असतं. ते पुन्हा पहिल्यासारखं करता येत नाही. सेंटरफायर पुंगळीत मधोमध प्रायमरचा स्वतंत्र खळगा असतो, जुना काढून नवा बसवतात. परदेशातलं रिलोडिंग, म्हणजे पुंगळी पुन्हा भरणं, चालतं ते यावर. मेसेज लिहिणाऱ्याला हा फरकच ठाऊक नाही.

दुर्बळ झालेली कडा दुसऱ्यांदा फाटली की गरम वायू मागे येतो, आणि रायफलच्या मागे गाल टेकवून पोरगं बसलेलं असतं.

आता दारू. रायफलची धूरविरहित पावडर नायट्रोसेल्युलोजची असते. दाण्याचा आकार आणि वरचा लेप ठरवून दिलेला असतो, म्हणजे तो ठरावीक वेगाने जळतो आणि गोळी नळीत पुढे सरकत असताना दाब आटोक्यात राहतो. .२२ लाँग रायफलसाठी अमेरिकेतल्या सामी या मानक संस्थेने दाबाची मर्यादा २४,००० पीएसआय ठरवलीय. आवाजी फटाक्याची दारू म्हणजे ऑक्सिजन देणारं मीठ आणि ॲल्युमिनियमची भुकटी. ती जवळजवळ एका क्षणात जळते, गोळी जागची हलायच्या आत दाब चढतो. मग पुंगळी फुटते, चेंबर मागून बंद करणारा बोल्ट मागे फेकला जातो किंवा चेंबर तडकतं. आगकाडीच्या गुलातलं क्लोरेट तर घासलं तरी पेटतं, टेबलावर काम करणाऱ्याच्या बोटांत पेटतं. आणि एवढं होऊनही काही फुटलं नाही, तर क्लोरेट जळून उरलेलं मीठ नळीत बसतं, हवेतला ओलावा ओढतं. जूननंतरच्या कोल्हापूरच्या हवेत ती नळी गंजायला वेळ लागणार नाही.

कायद्याचं म्हणाल तर शस्त्र अधिनियम १९५९ उघडून बघा. कलम ५ प्रमाणे दारूगोळा तयार करायला परवाना लागतो. ‘स्वतःपुरतं’ अशी सूट त्यात नाही. ‘दारूगोळा’ या व्याख्येतच त्याचे भाग आणि तो बनवण्याची यंत्रं धरलेली आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला कलम २५ खाली किमान ७ वर्षं, कमाल जन्मठेप. नेमबाजाचा शस्त्रपरवाना हा निर्मितीचा परवाना होत नाही. हा मेसेज पुढे ढकलणाऱ्या प्रत्येकाने हे एक कलम वाचावं, एवढंच पुरे.

जास्त दारू, जास्त नेम? मॅच राउंडचा वेग मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली, सेकंदाला ३२० ते ३३० मीटरच्या आसपास ठेवतात. आवाजाचा वेग ओलांडून गोळी परत त्याखाली आली की वाटेत ती डगमगते. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. तिथे प्रत्येक राउंडचा वेग सारखा असणं महत्त्वाचं.

जड गोळीचंही तसंच. .२२ च्या नळीतली पिळाची खाच साधारण १६ इंचांत एक फेरा घेते, ती ४० ग्रेनच्या म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमच्या गोळीसाठी. गोळी किती लांब आहे त्यावर तिला किती फिरकी लागते ते ठरतं. त्याच नळीतून ६० ग्रेनची लांब गोळी मारली की फिरकी कमी पडते आणि कागदावर बऱ्याचदा आडवी भोकं पडतात.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. अमेरिकेत .३०८ सारख्या सेंटरफायर काडतुसांचं घरगुती रिलोडिंग खरंच चालतं, पैसे वाचतात आणि नेमही सुधारतो. पण ते लोक पावडर कंपनीच्या तक्त्याबाहेर जात नाहीत. पावडरच्या कमाल भाराच्या साधारण १० टक्के खालून सुरुवात, तराजू ग्रेनच्या दहाव्या भागाचा, टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा. एच ४८९५ आणि आयएमआर ४८९५ यांचा आकडा एकच असला तरी त्या दोन वेगळ्या पावडरी आहेत, एकीचा तक्ता दुसरीला लावायचा नाही. त्याच वजनाची सबंध तांब्याची गोळी शिशाच्या गाभ्याच्या गोळीपेक्षा लांब असते, पुंगळीत जास्त आत जाते आणि दाब वाढवते, म्हणून गोळी बदलली की भारही पुन्हा खालून. इतकी शिस्त लागणाऱ्या कामाला मेसेजवाला ‘चमचाभर’ हे माप देतो!

पेलेटला तेल लावू नका. स्प्रिंगच्या एअर रायफलमध्ये दाबाने ते तेल पेटतं आणि सील खराब होतं. १० मीटरला साधारण ०.५३ ग्रॅमचे पेलेट घ्या, ४.४९ आणि ४.५० मिलिमीटरचं हेड (पेलेटचं डोकं) दोन्ही आपल्या नळीतून मारून बघा, घट्ट ग्रुप येईल, म्हणजे भोकं जवळजवळ पडतील, ते ठेवा.

.२२ लाही पैसे घालायचेच असतील तर लॉट, म्हणजे कारखान्यात एकदम बनलेली खेप, तपासण्यात घाला. एली, लापुआ, आरडब्ल्यूएस या कंपन्यांच्या एकाच प्रकारच्या राउंडमध्येही लॉटप्रमाणे फरक पडतो. रायफल शिकंजात धरून प्रत्येक लॉटचे दहा-दहा शॉटचे काही ग्रुप घ्या आणि जमलेल्या लॉटचे खोके एकदम उचला. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं (तीन स्थितींतून नेमबाजी) कांस्य घेतलं, तेजस्विनी सावंतने २०१० ला म्युनिकमध्ये प्रोनचं (पालथं पडून) विश्वविजेतेपद. हे दोन्ही .२२ चेच प्रकार, आणि तिथे सगळे कारखान्यातलेच राउंड मारतात.

आणि न उडालेलं काडतूस? नळी टार्गेटकडेच ठेवा, किमान ३० सेकंद थांबा, कारण ठिणगी उशिरा लागू शकते. मग बोल्ट उघडून ते रेंज ऑफिसरच्या हातात द्या. पक्कड लावून फोडायला घरी नेऊ नका, कडेतलं मिश्रण अजून जिवंत असतं.