"एकवीस करायचे, त्यात शिकायचं काय?" या कमेंटला उत्तर

नमस्कार काका, ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळाच्या नियमांवरच्या माझ्या पोस्टखाली तुम्ही लिहिलंत की एकवीस करायचे एवढाच तो खेळ, बाकी सगळं नशीब, सोळावर पान घ्या म्हणणं वेडेपणा, आणि मुळात पोरांना असला जुगार शिकवूच नका. तुम्ही मनापासून लिहिलंय म्हणून दोन ओळींत न उरकता नीट उत्तर देतोय.

"एकवीस करायचे" इथेच गडबड होते. हरवायचं असतं डीलरला, म्हणजे कॅसिनोतर्फे पानं वाटणाऱ्याला, त्यामुळे 13 वर थांबूनही डाव जिंकता येतो. त्याची छक्की उघडी असेल तर तुम्ही 13 वर गप्प बसायचं, कारण त्याला 17 होईपर्यंत पानं घ्यावीच लागतात आणि छक्कीवर तो शंभरातून साधारण 42 वेळा उडतो, म्हणजे 21 च्या वर जाऊन हरतो. मग कॅसिनो कमावतो कशावर? तर आधी पान घ्यायची पाळी तुमची. तुम्ही 21 च्या वर गेलात की पैसे तिथल्या तिथे उचलले जातात, मागून डीलर उडाला तरी ते परत येत नाहीत. अख्ख्या खेळाची मेख ही आहे, आणि ती माहीत नसलेला माणूस प्रत्येक हाताला 21 च्या मागे धावतो.

आता तुमचा सोळा. तुमच्याकडे राजा (तो 10 धरायचा) आणि छक्की, समोर डीलरची दश्शी. थांबलात तर शंभरात साधारण 77 वेळा हरणार. पान घेतलंत तर 13 पैकी 8 प्रकारची पानं तुम्हाला उडवतात, म्हणून भीती वाटते ते अगदी बरोबर, पण बाकीच्या 5 पानांनी हात इतका सुधारतो की एकूण हिशोबात घेणं किंचित, अगदी किंचितच, कमी तोट्याचं ठरतं. हा हात दोन्हीकडून वाईटच आहे. हे मी ठरवलेलं नाही, अमेरिकन सैन्यातल्या चौघांनी टेबलावरच्या कॅल्क्युलेटरवर असे सगळे हात मोजून 1956 मध्ये छापलेत. त्या पद्धतीने, बऱ्या नियमांच्या टेबलावर खेळलं तर कॅसिनोचा वाटा लावलेल्या शंभर रुपयांमागे साधारण अर्ध्या रुपयावर येतो. नशीब आहेच, पण "बाकी सगळं" नाही.

आणि "बऱ्या नियमांच्या" हे शब्द मी उगाच नाही टाकले. लास वेगासला एका 15 डॉलरच्या टेबलाशी उभा होतो, तिथे एका मुलाला एक्का-राजा आला, म्हणजे पहिल्या दोन पानांतच 21, पोरगं उठून नाचलं, डीलरने 18 डॉलर सरकवले. 3 ला 2 (दोन लावले तर तीन) या जुन्या दराने साडेबावीस मिळायला हवे होते. टेबलाच्या हिरव्या कापडावर 6 ला 5 असं छापलेलं होतं, त्याच्या कोपराखालीच, पण त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की ते वाचायचं असतं. एक्का आणि दहाचं पान साधारण 21 हातांत एकदा येतं, म्हणजे तासाला 60 हात धरले तर जवळजवळ तीनदा, दर वेळी साडेचार डॉलर कमी, तासाला तेराच्या आसपास गेले. नीट खेळणाऱ्याचा बाकी सगळा तोटा तासाभराच्या 900 डॉलरच्या लावणीवर साडेचार! मला त्या पोराचं फार वाईट वाटलं आणि खरं तर पोस्ट त्यासाठीच लिहिली होती, पण हा 6 ला 5 चा मुद्दा तिच्यात राहून गेला, तो आज घालतोय.

जुगाराबद्दल तुमची काळजी खरी आहे काका. पैसे लावायचं ऑनलाइन अॅप मी कुणाला सुचवत नाही, 2025 च्या केंद्राच्या कायद्याने ते बंदही केलंय. भाच्यांना मी हा खेळ गणपतीच्या जागरणात शेंगदाणे लावून शिकवला. डीलर मी. दोन तासांत माझ्यापुढे ढीग झाला तेव्हा धाकटीने विचारलं, मामा, तू नेहमी शेवटीच का पान घेतोस? तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

एक्का 1 धरायचा की 11 असंही विचारलंत. 11 धरून 21 च्या वर जात नसाल तर 11, नाहीतर 1. एक्का-छक्की म्हणजे 17, पण यावर थांबू नका, एका पानाने हा हात उडूच शकत नाही.