‘हार्मोन बिघडलेत, पूर्ण पॅनेल करा’: या दाव्यात तथ्य किती?

एक मजकूर सतत पुढे पाठवला जातो. त्याचा गोषवारा असा: थकवा, वाढतं वजन, गळणारे केस, तुटक झोप, चिडचिड, अनियमित पाळी या सगळ्यांचं मूळ हार्मोनच्या असंतुलनात आहे. नेहमीचे डॉक्टर टीएसएच ही थायरॉइडची एक रक्ततपासणी करून ‘नॉर्मल आहे’ म्हणतात आणि घरी पाठवतात. फंक्शनल मेडिसिनवाले मात्र रक्त, लाळ आणि लघवीचं मोठं पॅनेल करून मूळ कारण शोधतात, आणि थकलेली ॲड्रिनल (मूत्रपिंडावरची ग्रंथी), वाढलेलं इस्ट्रोजेन, सुस्तावलेलं थायरॉइड पूरक गोळ्यांनी ताळ्यावर आणतात.

ज्यांना हा मजकूर पटतो त्यांचा त्रास खरा असतो, हे आधीच स्पष्ट करायला हवं. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ एवढंच ऐकून परत आलेल्या माणसाचा थकवा त्या वाक्याने जात नाही. जेफ्री ब्लँड यांनी १९९१ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेतून पसरलेली ही फंक्शनल मेडिसिनची पद्धत झोप, आहार, हालचाल आणि ताण यांची सविस्तर विचारपूस करते, ही तिची जमेची बाजू आहे. आक्षेप त्यानंतरच्या टप्प्याला आहे: हार्मोनचा आकडा केव्हा मोजायचा, त्याचा अर्थ कसा लावायचा आणि त्यावरून काय गिळायला सांगायचं.

‘जितक्या जास्त तपासण्या, तितकं मूळ कारण लवकर सापडतं’

उलट घडतं. बहुतेक तपासण्यांची ‘नॉर्मल’ मर्यादा निरोगी माणसांपैकी मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे धरून ठरवलेली असते. म्हणजे पूर्ण निरोगी माणसाचाही एखादा आकडा मर्यादेबाहेर पडण्याची शक्यता दर तपासणीला ५ टक्के. एकमेकींवर अवलंबून नसलेल्या २० तपासण्या एकदम केल्या तर निदान एक तरी आकडा लाल अक्षरात येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के होते. त्यात लॅबची मर्यादा बाजूला ठेवून स्वतःची अरुंद ‘ऑप्टिमल रेंज’ लावली, की जवळजवळ प्रत्येकाला काही ना काही बिघाड निघतो. आजार मात्र तेवढ्याने वाढलेले नसतात.

शिवाय हार्मोन दिवसभर एका पातळीवर राहत नाहीत. पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वाधिक असतं, म्हणून ते सकाळी १० च्या आत, उपाशीपोटी आणि कमी आल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजतात. दुपारी घेतलेल्या एका नमुन्यावरून ‘टेस्टोस्टेरॉन कमी’ असं निदान होत नाही. प्रोलॅक्टिन (अंगावरचं दूध आणणारं हार्मोन) तर सुई टोचण्याच्या धास्तीनेही थोडं वाढतं. उलटीवरच्या डॉम्पेरिडॉन आणि मेटोक्लोप्रमाइड या औषधांनी, तसंच मनोविकारांवरच्या काही औषधांनी ते बरंच वाढतं. नमुना घेताना चालू औषधांची यादी कुणी विचारली नसेल, तर त्या रिपोर्टवर पुढचा काहीच विचार रचता येत नाही.

‘सततच्या ताणाने ॲड्रिनल थकते’

सगळ्यात जास्त नुकसान या दाव्याने होतं, म्हणून इथे थोडं थांबू.

‘ॲड्रिनल फटीग’ हा शब्दप्रयोग १९९८ मध्ये जेम्स विल्सन या कायरोप्रॅक्टरने (मणक्यावर हाताने उपचार करणाऱ्याने) रूढ केला. कल्पना अशी की ताण वर्षानुवर्षं चालला की ग्रंथी दमते आणि कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन पुरेसं बनत नाही. या विषयावरच्या ५८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. थकलेल्या लोकांमध्ये कॉर्टिसॉल ठरावीक पद्धतीने कमी असतं असं त्यातून सिद्ध झालं नाही, निष्कर्ष परस्परविरोधी निघाले. ताणात कॉर्टिसॉल बनवण्याचा आदेश मेंदूतून, पिट्युटरी या मेंदूखालच्या ग्रंथीमार्गे येतो, आणि तो आदेश दीर्घकाळ येत राहिला तर ग्रंथी आकाराने मोठी होते. ती झिजून रिकामी होत नाही.

हा ‘थकवा’ दाखवण्यासाठी दिवसातून चारदा लाळ गोळा करून आलेख काढतात. लाळेतलं कॉर्टिसॉल ही खोटी तपासणी नाही. रात्री उशिराची लाळ ही कुशिंग आजाराच्या, म्हणजे कॉर्टिसॉल जास्त बनण्याच्या, तपासणीत मान्य आहे आणि ती किमान दोन रात्री घेतात. पण दिवसाचा आलेख ‘सपाट’ दिसतो म्हणून ग्रंथी थकली, हे त्यातून निघत नाही. रात्रपाळी, हिरड्यांतून येणारं रक्त, त्वचेवर लावलेलं हायड्रोकॉर्टिसोनचं (म्हणजे कॉर्टिसॉलचंच) मलम हाताला लागून नमुन्यात उतरणं, एवढ्यानेही आलेख बदलतो.

ॲड्रिनल खरोखर निकामी होते तो ॲडिसनचा आजार, आणि त्याची लक्षणं निराळी आहेत: वजन घटणं, उभं राहताच रक्तदाब खाली जाणं, मिठाची ओढ, तळहाताच्या रेषा आणि हिरड्या काळपट होणं, रक्तात सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त. तपासणी सकाळी ८ च्या सुमारास रक्तातल्या कॉर्टिसॉलने सुरू होते. ते ३ मायक्रोग्रॅम प्रतिडेसिलिटरपेक्षा कमी असेल तर आजाराची शक्यता फार मोठी. १५ ते १८ च्या वर असेल तर बहुधा नाही. मधल्या आकड्यांसाठी २५० मायक्रोग्रॅम कृत्रिम एसीटीएचचं (ॲड्रिनलला आदेश देणाऱ्या पिट्युटरीच्या हार्मोनचं) इंजेक्शन देऊन ३० आणि ६० मिनिटांनी कॉर्टिसॉल पुन्हा मोजतात. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या चालू असतील तर कॉर्टिसॉल वाहून नेणारं प्रथिन वाढतं आणि एकूण आकडा फुगतो, तेव्हा त्या गोळ्यांची माहिती आधीच द्यावी. ‘ॲड्रिनल फटीग’च्या नादात खऱ्या ॲडिसनच्या रुग्णाला पूरक गोळ्यांवर ठेवलं गेलं, तर एखाद्या साध्या तापात किंवा उलट्यांमध्येही त्याच्या जिवावर बेतू शकतं.

‘टीएसएचने थायरॉइडचा बिघाड कळत नाही’

थायरॉइडच्या बाबतीत टीएसएच, म्हणजे पिट्युटरीने थायरॉइडला पाठवलेला आदेश, हा फार तिखट कानाचा पहारेकरी आहे. रक्तातलं मुक्त टी४ (थायरॉइडचं मुख्य हार्मोन) निम्म्यावर आलं तर टीएसएच सुमारे शंभरपट वाढू शकतं. म्हणूनच थायरॉइड ग्रंथीचा बिघाड टी४ मर्यादेत असतानाच टीएसएचमध्ये दिसू लागतो. तो फसतो अशा जागा थोड्या आणि ठाऊक आहेत: पिट्युटरीचा आजार, इस्पितळात दाखल करण्याइतकं गंभीर आजारपण, आणि अतिसक्रिय थायरॉइडवर उपचार सुरू झाल्यानंतरचे पहिले काही महिने. तिथे मुक्त टी४ सोबत बघतात.

‘२.५ च्या वर टीएसएच म्हणजे थायरॉइड मंद’ हे वाक्य गरोदरपणाच्या मार्गदर्शक सूचनांतून उचललं गेलं आहे. ती मर्यादा पहिल्या तिमाहीसाठी होती, आणि अमेरिकन थायरॉइड असोसिएशनने २०१७ मध्ये तीही सैल करून स्थानिक मर्यादा उपलब्ध नसेल तिथे ४ च्या आसपास आणली. इतर प्रौढांत साधारण ०.४ ते ४ ही मर्यादा धरतात, आणि उतारवयात वरची बाजू आणखी सरकते. किंचित वाढलेलं टीएसएच दोन-तीन महिन्यांनी पुन्हा केल्यावर अनेकदा आपोआप मर्यादेत येतं. ६५ वर्षांवरच्या ७३७ जणांवरचा एक मोठा प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. टीएसएच किंचित वाढलेल्या या लोकांना थायरॉक्सिन (टी४ ची गोळी) देऊनही थकव्यात आणि इतर लक्षणांत फरक पडला नाही. टीएसएच १० च्या वर असेल, गर्भधारणेचा विचार असेल किंवा टी४ही घसरलेलं असेल, तेव्हा चित्र वेगळं.

पॅनेलमधलं रिव्हर्स टी३, म्हणजे थायरॉइडच्या टी३ हार्मोनचं निष्क्रिय रूप, उपासमारीत आणि कुठल्याही मोठ्या आजारपणात वाढतं. थायरॉइडच्या निदानासाठी त्याचा उपयोग नाही.

आता एक गोष्ट, जी पॅनेल विकणारे क्वचित सांगतात. केसांसाठीच्या गोळ्यांत बायोटिन ५ ते १० मिलिग्रॅम असतं, आणि शरीराला दिवसाला लागतं ३० मायक्रोग्रॅम. अनेक लॅब-यंत्रांची रसायनं बायोटिनच्या जोडणीवर चालतात. रक्तात बायोटिन जास्त असेल तर त्या यंत्रांवर टीएसएच खोटं कमी आणि मुक्त टी४ खोटं जास्त येतं, म्हणजे थायरॉइड ठणठणीत असताना रिपोर्टमध्ये ते अतिसक्रिय दिसतं. तपासणीआधी निदान दोन दिवस बायोटिन बंद ठेवा. डोस फार मोठा असेल तर त्याहून जास्त दिवस लागतात. केस गळतात म्हणून बायोटिन, आणि केस का गळतात ते बघायला थायरॉइड-पॅनेल, हा क्रम नेहमीचा असल्याने चूकही नेहमीची आहे.

आयोडीनचा सल्लाही याच ओघात येतो. प्रौढाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम पुरतं, सुरक्षित वरची मर्यादा ११०० मायक्रोग्रॅम. विकल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत १२.५ मिलिग्रॅम असतं, म्हणजे गरजेच्या ८० पटींहून अधिक. इतक्या आयोडीनने ग्रंथी हार्मोन बनवणं तात्पुरतं थांबवते. निरोगी ग्रंथी त्यातून सावरते, हाशिमोटो आजाराने (यात शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर उलटते) आधीच दुखावलेली बरेचदा सावरत नाही. आणि थायरॉइडमध्ये गाठी असतील तर उलट हार्मोनचा पूर येऊ शकतो. ‘थायरॉइडला मदत’ म्हणून घेतलेल्या गोष्टीतून थायरॉइडचा आजार उद्भवतो तो असा.

‘इस्ट्रोजेन डॉमिनन्स हे सगळ्याचं मूळ’

या निदानाला मान्य व्याख्या नाही. पाळीच्या चक्राच्या पहिल्या अर्ध्यात प्रोजेस्टेरॉन (बीज बाहेर पडल्यावर वाढणारं हार्मोन) १ नॅनोग्रॅम प्रतिमिलिलिटरच्या आतच असतं, त्या दिवसांत इस्ट्रोजेन ‘वरचढ’ असणं ही प्रत्येक निरोगी बाईची अवस्था आहे. बीज बाहेर पडलं का, एवढं प्रोजेस्टेरॉनवरून कळतं. ३ च्या वर असेल तर पडलं. पण नमुना पुढच्या पाळीच्या सुमारे ७ दिवस आधीचा हवा. सर्वत्र छापलेला ‘२१ वा दिवस’ फक्त २८ दिवसांच्या चक्राला लागू आहे. चक्र ३५ दिवसांचं असेल तर २८ वा दिवस धरावा, नाहीतर प्रोजेस्टेरॉन कमी दिसणारच. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना हे मोजण्यात अर्थ नाही.

पंचेचाळिशीनंतर पाळी पुढेमागे होऊ लागली आणि अंगातून गरम वाफा येऊ लागल्या, तर रजोनिवृत्तीकडची वाटचाल लक्षणांवरूनच ओळखता येते. या काळात एफएसएच (अंडाशयाला चालना देणारं हार्मोन) आणि इस्ट्रोजेन आठवड्यागणिक वरखाली होतात, एका रिपोर्टने ना निदान पक्कं होतं ना खोडलं जातं. अतिरक्तस्राव होत असेल तर मात्र हार्मोन-पॅनेलमध्ये वेळ घालवू नये. गर्भाशयाची सोनोग्राफी, हिमोग्लोबिन आणि गरजेनुसार अस्तराचा तुकडा तपासणं आधी.

‘बायोआयडेंटिकल हार्मोन नैसर्गिक, म्हणून सुरक्षित’

रेणू शरीरातल्यासारखाच असलेली इस्ट्राडायॉल (इस्ट्रोजेनचं एक रूप) आणि मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन ही औषधं रीतसर मंजुरी घेऊन मिळतात, आणि योग्य बाईला ती फार उपयोगी पडतात. प्रश्न आहे तो औषधालयात वैयक्तिकरीत्या मिसळून दिलेल्या मलमांचा आणि त्वचेखाली बसवलेल्या पेलेटचा (हार्मोनच्या बारीक गोळीचा). त्यांतल्या मात्रेची मंजूर औषधासारखी तपासणी झालेली नसते. गर्भाशय शाबूत असलेल्या बाईला इस्ट्रोजेन द्यायचं तर अस्तराच्या संरक्षणासाठी पुरेसं प्रोजेस्टेरॉन लागतंच. त्वचेवर चोळायच्या प्रोजेस्टेरॉनच्या मलमातून ते पुरेसं पोहोचतं याची खात्री नाही, आणि तसं न झाल्यास अस्तर वाढून कर्करोगापर्यंत मजल जाऊ शकते. पेलेटची आणखी अडचण म्हणजे मात्रा जास्त झाली तरी ते विरघळेपर्यंत सहसा काढता येत नाही.

‘पीसीओएसला फक्त गोळ्या देतात, मूळ बघत नाहीत’

इथे फंक्शनल मेडिसिनवाल्यांचं म्हणणं बरंचसं योग्य आहे. इन्सुलिनला शरीर दाद देईनासं होणं हा अंडाशयाच्या या विकाराचा मोठा भाग आहे, आणि वजन जास्त असेल तर त्यातलं ५ ते १० टक्के कमी झाल्यानेही पाळी सुधारू शकते. फक्त हे त्यांचं गुपित नाही, आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये जीवनशैलीतला बदल पायाभूत मानला आहे. निदान तीनपैकी दोन निकषांवर होतं: अनियमित पाळी, पुरुषी हार्मोनची लक्षणं किंवा वाढ, आणि सोनोग्राफीतलं अंडाशयाचं रूप. २०२३ पासून प्रौढांत सोनोग्राफीऐवजी एएमएच या अंडाशयातल्या हार्मोनची रक्ततपासणीही चालते. त्याआधी टीएसएच, प्रोलॅक्टिन आणि १७-ओएच प्रोजेस्टेरॉन (ॲड्रिनलच्या जन्मजात दोषासाठी) बघून इतर कारणं बाजूला काढतात. साखरेसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी करावी. उपाशीपोटीच्या इन्सुलिनचे आकडे लॅबगणिक इतके बदलतात की त्यावर उपचार ठरवता येत नाहीत.

‘पूरक गोळ्यांनी अपाय होत नाही’

थकवा हेच मुख्य गाऱ्हाणं असेल तर आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी१२, एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर), मूत्रपिंड-यकृताच्या तपासण्या आणि टीएसएच करावं, आणि घोरणं, मनाची उदासी, चालू औषधं विचारावीत. बहुतेक वेळा धागा इथेच सापडतो. गोळ्यांची बाटली त्यानंतरही गरजेची वाटली, तर लेबल नीट वाचावं. ज्येष्ठमधातला ग्लिसरायझिन हा घटक रक्तदाब वाढवतो आणि पोटॅशियम खाली आणतो. ‘ॲड्रिनल सपोर्ट’च्या मिश्रणांत तो बरेचदा असतो. अश्वगंधेने थायरॉइडचे आकडे वाढल्याच्या आणि यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. २०१८ मध्ये अशा १२ ‘ॲड्रिनल सपोर्ट’ उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. सर्व १२ मध्ये थायरॉइडचं टी३ हार्मोन सापडलं आणि ७ मध्ये किमान एक स्टेरॉइड. लेबलवर त्याचा उल्लेख नव्हता. सुरुवातीला तरतरी येते ती यामुळे असू शकते.

म्हणून ज्यांनी प्राण्यांच्या ग्रंथींचा अर्क असलेल्या अशा गोळ्या काही महिने घेतल्या आहेत, त्यांनी हे वाचून त्या आजच झटक्यात सोडू नयेत. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की स्वतःची ॲड्रिनल मंदावते आणि अचानक बंद केल्यावर शरीराला कॉर्टिसॉल कमी पडतं. बाटली घेऊन अंतःस्रावतज्ज्ञाकडे जा, सकाळचं कॉर्टिसॉल तपासा आणि मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवा. त्या काळात उलट्या, भोवळ, विलक्षण अशक्तपणा किंवा रक्तदाब खाली जाणं असं काही झालं तर थेट इस्पितळ गाठा, आणि कोणती गोळी किती दिवस घेत होतात ते पहिल्याच वाक्यात सांगा.