खुलासा: पेडल स्टीलच्या चेंजरवर डब्ल्यूडी-४० फवारावा का?

जुन्या पेडल स्टीलमध्ये (पायाच्या पेडलने तारांचे सूर बदलणारी, आडवी ठेवून वाजवायची गिटार) पेडल सोडल्यावर सूर जागेवर येत नसेल तर चेंजरवर (तारा ताणून-सैल करून सूर बदलणारी यंत्रणा) डब्ल्यूडी-४० हा गंज सोडवणारा फवारा मारा, असा सल्ला फिरतोय. तो अर्धाच खरा. चेंजरची बोटं (ज्यांच्यावरून तारा जातात ते हलणारे धातूचे तुकडे) त्या दिवशी मोकळी होतात. पण द्रावक उडून गेल्यावर उरलेल्या थरावर धूळ बसते. त्याऐवजी खाली कापड धरून बोटांच्या फटींत लायटरचा नॅप्था थेंबाथेंबाने सोडा (आग जवळ नको, खिडक्या उघड्या), पेडल हलवत राहा, सुटलेला मळ पुसा. मग सुईच्या टोकाने शिलाई मशीनचं तेल, प्रत्येक सांध्याला एकच थेंब. ऑल-पुल यंत्रणेत (जिथे सूर चढवणं-उतरवणं दोन्ही दांड्या ओढूनच होतं) फक्त उतरवलेला सूर परतताना खालीच राहत असेल, तर आधी परतीची स्प्रिंग तपासा. आणि ई-नाइन्थ या जुळणीतली (ट्यूनिंग) ०.०११ इंची तिसरी तार सारखी चेंजरवरच तुटत असेल, तर बोटावर पडलेली खाच बघा. तिथे तेलाचा काही उपयोग नाही.