बोटीपर्यंतची होडी

होडीच्या खोक्यावर लिहिलं होतं, ‘चार माणसांसाठी’. चित्रातली चार माणसं हसत होती. त्यांचे आठ गुडघे कुठे गेले होते ते चित्रकारालाच ठाऊक.

मला दोघांपुरती, माझ्या ऐपतीतली हवा भरायची डिंगी हवी होती. माझी शिडाची बोट बावीस फुटी, सेकंडहँड, गेटवेसमोर मूरिंगला, म्हणजे पाण्यातच बांधलेली असते. खाली कील, म्हणजे बुडाचा खोल कणा असल्यामुळे ओहोटीला काठाशी आणली तर चिखलात आडवी होईल. मस्जिद बंदरच्या त्या दुकानात मी एवढंच सांगितलं. दुकानदाराने ऐकलं की नाही कोण जाणे, शेजारच्या काकांनी ऐकलं. ते नातवासाठी बदकाच्या तोंडाची ट्यूब घ्यायला आले होते आणि ती दंडात अडकवून उभे होते.

“बोट आहे म्हणता?”

“आहे.”

“मग होडी कशाला?”

“बोटीपर्यंत जायला.”

“आणि होडीपर्यंत?”

“चालत.”

काकांनी जरा विचार केला. “मिस्टर कुठे असतात?”

“ऑफिसात.”

“बोट त्यांची ना?”

“माझी.”

“हां, म्हणजे तुमच्या नावावर. बरोबर आहे, टॅक्स वाचतो.”

इथून पुढे दुकानदार माझ्या प्रश्नांची उत्तरं काकांना देऊ लागला. कापड प्लास्टिकचं (पीव्हीसी) की कृत्रिम रबराचं (हायपॅलॉन), हे मी विचारलं. “एकदम मजबूत आहे, साहेब,” हे काकांना सांगितलं गेलं. काकांनी बदकासकट मान डोलावली. आपल्या उन्हात पीव्हीसी कालांतराने चिकट होतं, डिंकाने जोडलेले सांधे सुटतात. हायपॅलॉन टिकतं, पण जवळजवळ दुप्पट पैसे घेतं. ज्या ड्यूपाँट कंपनीने हे नाव दिलं, तिने ते २०१० मध्ये बनवणं थांबवलं. नाव अजून चालतंय, भावही. शिवाय जेटीच्या दगडांवर कालवं असतात, त्यांच्या कडा ब्लेडसारख्या. म्हणून हवेचे कप्पे वेगवेगळे हवेत, एक फाटला तरी दुसऱ्याने तरंगायला. तळाला लाकडी पट्ट्यांपेक्षा हवेची गादी बरी. हलकी असते, मला एकटीला ओढून कठड्यावरून आत घेता येते.

“मागे मोटर लावायला फळी आहे?” मी विचारलं.

“मोटर कशाला?” काका म्हणाले. “वल्हवावं. व्यायाम होतो.”

मग मात्र मी त्यांना अलँ बोंबार सांगितला. फ्रेंच डॉक्टर, १९५२ साली साडेचार मीटरच्या हवेच्या होडीतून एकट्याने अटलांटिक ओलांडला. पासष्ट दिवस. वजन पंचवीस किलो घटलं. काका पहिल्यांदाच माझ्याकडे वळले.

“पंचवीस? खायचा काय?”

“कच्चे मासे. समुद्राचं पाणीही थोडंथोडं प्यायचा.”

“नॉनव्हेज,” काका हळहळले, आणि विषय संपला.

राग काकांचा नाहीच म्हणा. (थोडा आहे.) राग याचा की बाजारात एकतर तळ्यातली खेळणी, नाहीतर पुराच्या बातम्यांत दिसतात त्या दहा माणसांच्या केशरी बोटी. मधलं काही मागितलं की परदेशातून येणार, पैसे आगाऊ, तारीख देवाच्या हातात. समुद्राकाठी अख्खं शहर वसलंय, पण आपल्या पायांनी पाण्यात उतरणारा माणूस एकतर कोळी असणार नाहीतर करोडपती, असं सगळ्यांनी ठरवून टाकलंय. बाईचा तर या यादीत रकानाच नाही. कोळीवाड्यातली मंडळी थर्माकोलच्या तराफ्यावर उभं राहून आपल्या बोटीपर्यंत जातात. स्वस्त, हलकं, न फुटणारं. त्यांचा तोल मात्र दुकानात मिळत नाही.

शेवटी ‘चार माणसांसाठी’ काकांनीच नेली, नातवाला. घासाघीस करून हवा भरायचा पायपंपही फुकट मिळवला. बदक मात्र परत ठेवलं, महाग पडत होतं. मला हायपॅलॉनचा भाव मागवून देतो, दुकानदार म्हणाला, नंबर लिहून घेतला.

काल त्याचा फोन आला. “मॅडम, सरांना द्या जरा. होडीबद्दल बोलायचंय.”

“सर समुद्रात गेलेत.”

पलीकडे थोडा वेळ शांतता.

“कशातून?”