एकाच पाण्यातले दोन नातलग : एका दाव्याचा प्रतिवाद

सांगलीतील पक्षिनिरीक्षकांमध्ये सध्या एक मजकूर हातोहात फिरत आहे. समुद्रपक्ष्यांचा दाखला देऊन त्यात म्हटले आहे, की जवळच्या नात्याच्या दोन जातींचे अन्न एकच असते, त्यामुळे एका पाण्यात शेवटी एकच जात टिकते. जिथे दोन्ही दिसतात तिथे हद्दी भांडूनच ठरतात. म्हणून कृष्णेवरील लहान पाणकावळे वाचवायचे तर मोठे हुसकावून लावावेत.

अन्न एकच असते, हे विधान १९४५ मध्येच मोडीत निघाले आहे. ब्रिटनच्या किनाऱ्यावरचा मोठा पाणकावळा आणि त्याचा नातलग शॅग दिसायला सारखे, बुडी मारून मासे धरणारे, कड्यांवर घरटी करणारे. पण ब्रिटिश पक्षिशास्त्रज्ञ डेव्हिड लॅक यांनी दोघांच्या आहाराच्या नोंदी शेजारी ठेवल्या, तेव्हा असे आढळले की शॅग मुख्यतः खुल्या समुद्रात तारलीच्या कुळातले व वाळूत शिरणारे सडपातळ मासे पकडतो, तर मोठा पाणकावळा खाड्या-बंदरांच्या उथळ पाण्यात तळ धुंडाळून लेपासारखे चपटे मासे आणि कोळंबी खातो. घरट्यांच्या जागाही वेगळ्या : शॅगला अरुंद कपारी चालतात, मोठ्याला कड्यावरची रुंद सपाट जागा लागते.

एकच जात टिकते, यासाठी मजकुरात रशियन जीवशास्त्रज्ञ गाउझे यांच्या १९३४ च्या प्रयोगाचा आधार घेतला आहे. पॅरामेशियम या एकपेशीय सूक्ष्मजीवाच्या दोन जाती एका नळीत वाढवल्यावर एक नामशेष झाली, हे खरेच आहे. परंतु त्याच संशोधकाच्या दुसऱ्या प्रयोगात दोन जाती एकत्र टिकल्या, कारण एक तळाशी चरत होती आणि दुसरी वरच्या पाण्यात. हा भाग मजकुरातून गाळला आहे, आणि माझ्या मते संपूर्ण दिशाभूल तिथेच होते. अर्थात मासे मुबलक असताना दोन जाती माशांच्या एकाच झुंडीवर तुटून पडतात, आणि तेव्हाही कोणी कोणाला संपवत नाही.

हद्दी भांडून ठरतात, हेही टिकत नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्रिटन व आयर्लंडच्या आसपासच्या १२ वसाहतींतील गॅनेट या मासेखाऊ समुद्रपक्ष्यांचा माग काढला गेला. ही एकच जात, तरी शेजारच्या वसाहतींची शिकारीची क्षेत्रे बहुतांशी वेगळी निघाली. समुद्रात राखण करणारा कोणीच नव्हता. घरट्यापासूनचे अंतर आणि शेजाऱ्यांची गर्दी यांतूनच ही वाटणी होत होती.

राहिली कृष्णा. लहान पाणकावळा काठालगतच्या उथळ पाण्यात, बुडण्यापूर्वी किंचित उसळी घेऊन, छोटे मासे टिपतो. मोठा पाणकावळा खोल पाण्यात उतरतो आणि मोठे मासे वर आणतो. दोघे रात्रीला बहुधा एकाच झाडावर बसतात, त्यामुळे मोठ्यांना पिटाळण्यासाठी फटाके लावले, तर लहानांनाही तीच फांदी सोडावी लागेल.