लिनक्सवरचा माउस आणि फिरता सल्ला

'लिनक्सवर माउस मनासारखा हवा तर एक्सऑर्ग-कॉन्फ ही फाइल हाताने लिहा. वेग नको तेव्हा वाढतो, त्यावर एक्ससेट एम ० ० ही कमांड द्या. वेलँड असेल तर नाद सोडा. आणि डावखुरे असाल तर विंडोजच बरं.' असा मजकूर ग्रुपांवर फिरतोय. (एक्स आणि वेलँड या लिनक्सवर पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या दोन व्यवस्था, एक्स जुनी, वेलँड नवी; एक्सऑर्ग-कॉन्फ ही एक्सच्या सेटिंगची फाइल.) माझ्या एका डावखुऱ्या मैत्रिणीने तो शब्दशः पाळला आणि तिच्या लॅपटॉपवर लॉगिनचा पडदाच येईना. मला याचा राग आहे, म्हणून एकेक मुद्दा घेते.

फाइलीचा सल्ला एके काळी बरोबर होता. पीएस/२ माउसचं, म्हणजे जुन्या गोल पिनेच्या माउसचं, चाक चालावं म्हणून त्या फाइलीत प्रोटोकॉल, म्हणजे माउसची बोलण्याची पद्धत, लिहायचा, चाकासाठी '४ ५' असे आकडे द्यायचे, कारण एक्सच्या लेखी चाक वर फिरवणं म्हणजे चौथं बटण आणि खाली फिरवणं म्हणजे पाचवं. पण २०१० मध्ये एक्स सर्व्हर १.८ आला, तेव्हापासून ही अख्खी फाइल लिहायची गरज उरली नाही. माउस जोडला की यूडेव्ह, म्हणजे लिनक्सचा उपकरणं ओळखणारा भाग, तो ओळखतो, आणि काही वेगळं हवंच असेल तर एक्सऑर्ग-कॉन्फ-डी फोल्डरमध्ये चार-पाच ओळी पुरतात. मैत्रिणीने उतरवून घेतलेल्या फाइलीत माउसबरोबर ग्राफिक्स कार्ड आणि स्क्रीनचंही वर्णन होतं, तेही दुसऱ्याच कुणाच्या मशीनचं. एक्स सुरू होणार कसा? कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून काळ्या पडद्यावर लॉगिन केलं, फाइलीचं नाव बदललं, मशीन पुन्हा सुरू केलं. दहा मिनिटांचं काम, पण तिने दोन दिवस लॅपटॉप बिघडला म्हणून काढले होते.

एक्ससेटची गंमत वेगळीच. ती कमांड चालते, चूक दाखवत नाही, आणि काहीच बदलत नाही. आज बहुतेक ठिकाणी माउस लिबइनपुट नावाची लायब्ररी सांभाळते, आणि बाणाचा वेग किती वाढवायचा ते तीच ठरवते. एक्सचा जुना हिशेब तिथे लागूच होत नाही. माणसाला वाटतं, लिनक्सवर हे वेग वाढणं बंद होत नाही. होतं. लिबइनपुटमध्ये 'अडॅप्टिव्ह' आणि 'फ्लॅट' असे दोन प्रकार नेहमीचे. अडॅप्टिव्हमध्ये हात झटक्यात हलवला तर तेवढ्याच अंतरात बाण जास्त लांब जातो. फ्लॅटमध्ये हात सावकाश हलवा की जोरात, प्रमाण एकच. केडीई या डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये हा पर्याय आहे. ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये ४४व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, माउसच्या पानावरच त्याचा स्विच आहे.

वेलँडबद्दलचा गैरसमज कुठून आला ते कळतं. तिथे एक्सची एक्सइनपुट ही माउस-कीबोर्डची यादी दाखवणारी कमांड दिली तर खरा माउस दिसतच नाही, एक्सवेलँडची, म्हणजे वेलँडवर एक्सचे प्रोग्राम चालवणाऱ्या भागाची, नावं दिसतात, आणि त्यांच्यावर केलेले बदल बाणापर्यंत पोचत नाहीत. तिथे माउस डेस्कटॉपच्याच ताब्यात असतो, म्हणून त्याच्याच सेटिंगमध्ये जायचं.

डावखुऱ्यांना दिलेला सल्ला मला सगळ्यात लागला. ग्नोम, केडीई, एक्सएफसीई, तिन्ही डेस्कटॉपांत मुख्य बटण उजवं करायची सोय आहे आणि टर्मिनल उघडावंही लागत नाही. मैत्रिणीच्या एक्सएफसीईवर 'डावखुरा' निवडलं, तिने माउस डावीकडे घेतला, तर्जनी उजव्या बटणावर आली आणि फोल्डर उघडलं. शाळेपासून ती उजव्या हाताने माउस धरत आली होती, केवळ कुणी हे दाखवलं नाही म्हणून. उजव्या तळव्यासाठी घडवलेला वाकडा माउस मात्र कुठल्याही सेटिंगने सरळ होणार नाही, दोन्हीकडून सारखा असलेला घ्या.

चाकाच्या वेगाची तक्रार मात्र खरी आहे, तिथे मी वाद घालणार नाही. लिबइनपुटमध्ये त्याचं साधं सेटिंग नाही. केडीईने स्वतःचा स्लायडर दिलाय; मी वापरलेल्या ग्नोमच्या आवृत्त्यांत तो नव्हता. चाकाचा वेग बदलणारा आयएमव्हील हा प्रोग्राम लोक सुचवतात, पण तो एक्ससाठीचा आहे.

तो मजकूर आधीच पाळून बसला असाल तर ईटीसी फोल्डरातल्या एक्स११ फोल्डरमध्ये बघा. तुम्ही उतरवलेली एक्सऑर्ग-कॉन्फ तिथे असेल तर पुसू नका, नुसतं नाव बदला आणि मशीन पुन्हा सुरू करा.