परसातील कोंबड्या आणि कण्हेरीचा पाला : आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्याकडून नेलेल्या तलंगांपैकी, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्यांपैकी, दोन दगावल्या, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते आणि आपल्या घरच्यांना जो मनस्ताप झाला त्याबद्दल आम्ही क्षमा मागतो. लहान पिलांपासून वाढवलेली पाखरे दुसऱ्याच्या हाती सोपवल्यावरही आमचा जीव त्यांच्यात अडकलेला असतो, त्यामुळे ही बातमी आमच्यासाठीही साधी नाही.

तथापि, एकच तारा देताना आपण लिहिले आहे की, "कोंबड्यांना विषारी झाडे कळतात, खुशाल सोडा, असे विक्रेत्याने सांगितले आणि त्यावर विश्वास ठेवल्यामुळे आमच्या कोंबड्या गेल्या." हे वाक्य अर्धेच आहे. उरलेला अर्धा भाग गाळल्यामुळे वाचणारा प्रत्येक जण आम्हाला बेजबाबदार समजेल, आणि आमचे घर याच व्यवसायावर चालते. म्हणून ते वाक्य पूर्ण करणे आम्हाला भाग आहे.

खुराड्याच्या मापाविषयी बोलणे चालू असताना आपल्याला जे सांगितले ते असे होते : पोट भरलेली, मोकळ्या जागेत फिरणारी कोंबडी विषारी झुडपाला सहसा चोच लावत नाही, परंतु जाळीत कोंडलेल्या कोंबड्यांपुढे बागेतील छाटलेला पाला कधीही टाकू नये. सोबत दिलेल्या पत्रकातही हेच छापलेले आहे आणि त्यातील झाडांच्या यादीत कण्हेरीचे नाव सर्वांत वर आहे. फोनवर आपणच सांगितलेत की, त्या दिवशी कुंपणाची कण्हेर छाटली होती आणि कोंबड्यांना काही हिरवे मिळावे म्हणून ती जाळीच्या आत टाकली होती. त्यामागचा हेतू चांगलाच होता, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण मृत कोंबडीच्या गळ्याखालच्या थैलीत डॉक्टरांना लांब, अरुंद, मधोमध जाड शीर असलेल्या पानांचे तुकडे सापडले, हे अभिप्रायात नमूद करताना ती पाने जाळीत कशी आली, हे मात्र आपण लिहिलेले नाही.

हा फरक शब्दच्छल वाटू नये म्हणून त्यामागचे कारण सांगतो. कडू चव ओळखणारी जनुके माणसात सुमारे 25 असतात, तर कोंबडीत केवळ 3. तिला कडवटपणा अजिबात कळत नाही असे नव्हे, परंतु केवळ जिभेच्या भरवशावर ती सुरक्षित राहत नाही. तिला वाचवते ती निवड करण्याची मोकळीक : एखादे पान टोचून पाहायचे, आवडले नाही तर सोडायचे आणि गवत, किडे, दाणे यांच्याकडे वळायचे. जिथे खायला दुसरे हिरवे काहीच नाही आणि समोर पाल्याचा ढीग पडलेला आहे, तिथे ही मोकळीक उरत नाही. नव्या जागी नुकत्याच आलेल्या, काहीशा बावरलेल्या तलंगांच्या बाबतीत तर ही काळजी अधिकच घ्यावी लागते. कण्हेरीचे सर्वच भाग विषारी आहेत, तिच्यातील द्रव्य थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करते आणि पाने वाळली तरी विष जात नाही.

म्हणूनच आपल्या उरलेल्या कोंबड्यांसाठी कळकळीची विनंती आहे की, जाळीतील सारा पाला, कोपऱ्यात अडकलेली वाळकी पाने धरून, हाताने वेचून काढावा. आपल्या अंगणात एरंडही आहे असे आपण बोलला होता. एरंडाच्या पानांपेक्षा बिया कितीतरी अधिक घातक असतात, त्यामुळे बोंडे तडकण्याआधीच काढून टाकावीत. आणि फुलझाडांना खत म्हणून एरंडीची पेंड घालत असल्यास त्या वाफ्यांत कोंबड्यांना उकरू देऊ नये. गुंजेचा वेल कुठे असल्यास तो मुळासकट काढावा, कारण तिच्या बीचे कठीण कवच फुटले की आतील विष मोकळे होते, आणि कोंबडीच्या पेषणीत, म्हणजे दाणे दळणाऱ्या पोटाच्या भागात, तर दळण्यासाठी खडेच असतात. धोतऱ्याच्या बिया दाण्यात मिसळणार नाहीत, याकडेही लक्ष असावे, कारण निवडून खाणारी कोंबडीही मिसळलेल्या दाण्यात फसू शकते. एखादी कोंबडी मलूल दिसली, तोल जाऊ लागला किंवा खाणे सुटले, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता संशयित झाडाची फांदी सोबत घेऊन पशुवैद्यकांकडे जावे.

एवढे सांगूनही अंगणातील प्रत्येक झुडूप उपटावे, असे आमचे म्हणणे नाही. ज्यांच्या कुंपणाला कण्हेर आहे आणि कोंबड्या दिवसभर तिच्याच सावलीत बसतात, असे आमचे कितीतरी ग्राहक आहेत. सकाळी पोटभर खाद्य देऊन मग सोडणे आणि छाटणी थेट खतखड्ड्यात नेणे, एवढे पथ्य ते पाळतात. आपल्याला सांगितले होते तेही याहून वेगळे नव्हते.

आपला अभिप्राय काढून टाकावा, असे आम्ही म्हणत नाही. दुःखाच्या भरात लिहिलेले आम्ही समजू शकतो. त्यात पाल्याविषयीचे उरलेले वाक्य जोडावे, एवढीच अपेक्षा आहे. पत्रकातील ही सूचना आणखी ठळकपणे कशी देता येईल, याचाही आम्ही लवकरच विचार करू. आपल्याकडील प्रत हरवली असल्यास कळवावे, दुसरी पाठवून देऊ.